सरदारची गोळी, उषाबाईचं नाव

काकासाहेबांच्या पदरी दोन जीव होते, एक कुत्रं अन् एक बायको. त्यातल्या कुत्र्याची त्यांनी लई मनापासून काळजी घेतली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हंजे मागून कोणी म्हणायला नको की दैवशाला नुसती नावंच ठेवती.

मी दैवशाला, त्यांची चुलत भावजय. आमच्या अन् त्यांच्या अंगणात एकच भिंत, तीबी छातीएवढी. त्यामुळं ह्यातलं निम्मं मी डोळ्यानं बघितलंय अन् निम्मं भिंतीला टेकून ऐकलंय. टेंभुर्णीत काकासाहेब तुम्हाला कुठंबी भेटतील. पांढरी शुभ्र पॅन्ट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्या पेनांनी त्यांनी कधी काय लिहिलेलं मी तरी बघितलं न्हाई. मागच्या वर्षी सोसायटीचे संचालक झाले, बिनविरोध. बिनविरोध म्हंजे दुसऱ्या कोणाला ती कटकट नको होती. पण फ्लेक्स असा लावला, जसं काय दिल्ली जिंकून आले. मधी भाऊजी हात जोडून, खाली शुभेच्छुकांची डझनभर तोंडं, अन् कोपऱ्यात सरदार. सरदार म्हंजे कुत्रं. बायकोचा फोटो न्हाई. मी विचारलं तर म्हणले, "जागा पुरली न्हाई."

सरदार कारवानी जातीचा. लांब पाय, लांब तोंड, पोट आत गेलेलं. नवख्या माणसाला वाटावं, ह्याला घरात खायला देत न्हाईत. भाऊजी मंग छाती पुढं काढून सांगायचे, "ही जातच अशी. शिकारीची जात. ह्याचा बाप जत्रेत पळाला तवा मोटारसायकल मागं राह्यली." बटाईदाराच्या कुत्रीला ह्याची पिल्लं व्हायची, त्यांना लांबून लांबून मागणी यायची. शेती बटाईनं दिलेली, तिथं ह्यांचा पाय वर्षातून एकदा लागायचा. पण कुत्र्यामुळं गावात बूज होती. लोक "सरदारवाले काकासाहेब" म्हणायचे अन् ह्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

आता बायको. उषाबाई माझ्याहून बरीच मोठी, मी तिला बाई म्हणते. एकुलती एक पोरगी नाशिककडं दिली अन् तवापासून ही बाई आतून विझत चालली होती. गॅसवर चहा ठेवायची अन् उतू गेला तरी तिथंच उभी. केस विंचरायचं सुधरायचं न्हाई. पहाटं कधीबी बघा, ओट्यावर बसलेली. मी म्हणायची, "बाई, झोपा की थोडं." तर म्हणायची, "झोप येतच न्हाई गं. नुसतं डोळे मिटून पडायचाबी कंटाळा येतो."

मी एकदा भिंतीवरूनच भाऊजींना म्हणलं, "जालन्याला मनाच्या दुखण्याचे डॉक्टर हायेत म्हणे. बाईला दाखवून आणा." भाऊजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्यांच्या घरावर दगड मारला. "आमच्या घराण्यात असलं काय नसतं. हे बायकांचे थेर हायेत. कामाला लागली की आपोआप बरं वाटतं." कामाला लागली की! ती बाई जशी काय दिवसभर गादीवर लोळत होती!

तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, उन्हाळ्यातल्या कुरडया. गव्हाचा चीक हाटायला टेंभुर्णीत उषाबाईसारखा हात न्हाई. उकळत्या पाण्यात चीक सोडायचा, एक गुठळी न होऊ देता दांडक्यानं हाटत राह्यचं, अन् शिजला की गरम असतानाच साच्यात भरून जल्दी जल्दी कुरडया घालायच्या. एकट्या बाईचं काम न्हाई ते. म्हणून आमच्यात आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी, असं सगळ्या मिळून करतात. अन् ज्या घरी चीक, त्या घरचं पहिलं बोलावणं उषाबाईला. पातेल्यापाशी उभी राह्यली की ही बाई निराळीच व्हायची. पदर खोचून हुकूम सोडायची, गाणं म्हणायची, पोरीसोरींना मायेनं शिव्या घालायची. वर्षभराचं हसू ती तेवढ्या दिवसांत हसून घ्यायची. मी उन्हाळ्याची वाट बघायची ती तिच्यासाठी.

ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सरदार बिघडला.

संचालक झाल्यापासून भाऊजी दिवसभर बाहेर. काम काय, तर सोसायटीच्या ओट्यावर बसून चहा. पण जाताना सरदारला खोलीत घालून बाहेरून कुलूप लावायचे, कोणी चोरून नेऊ नये म्हणून. किल्ली खिशात. घरात बायको असते, हे त्यांच्या ध्यानातबी यायचं न्हाई. भाऊजींची गाडी कोपऱ्यावर वळली की ते कुत्रं जे रडायला लागायचं, माय माय! दार ओरबाडायचं, फळ्या चावायचं, अन् दमलं की स्वतःचा पाय चाटत बसायचं. इतका चाटला की कातडं जाऊन आतलं लाल दिसायला लागलं. भाऊजींनी आधी घरगुती इलाज केले. मीठ-मिरच्या ओवाळल्या. भिवा देवरुषी आला, त्यानं लिंबू कापलं अन् "भावकीतल्या बाईची नजर हाय" म्हणत माझ्या घराकडं बघून गेला. मुडदा बशिवला त्याचा! नजर लागायला त्या कुत्र्याच्या अंगावर होतं काय, हाडं?

शेवटी भाऊजी रूपालीकडं गेले. रूपाली म्हंजे बौद्धवाड्यातल्या तातेराव गुरुजींची पोरगी. परभणीला शिकून जनावरांची डॉक्टर झाली अन् इथं बाजारपेठेत स्वतःचा दवाखाना टाकला. लहानपणी ती गुरुजींबरोबर कधी आमच्या गल्लीत आली तर भाऊजींच्या घरातल्या खुर्च्या गायब व्हायच्या. बापलेकीशी उभ्या-उभ्या बोलणं. आता तिच्या दवाखान्यात हेच भाऊजी हात जोडून, "रूपाली मॅडम, बाळा, कायबी करा पण ह्याला बरं करा." कुत्र्यापायी माणूस किती सुधरतो बघा. मी माझी शेळी घेऊन तिथंच बाकड्यावर बसलेली, सगळं माझ्या समोर झालं.

रूपालीनं सरदारला चांगलं तपासलं. म्हणली, "काका, पायाला मलम देते, पण मूळ दुखणं पायात न्हाई. तुम्ही गेले की ह्याला भीती वाटती, जीव घाबरा होतो. त्या भीतीपायी चाटून राह्यला तो." मंग तिनं गोळी सांगितली. माणसाला उदासी आली की डॉक्टर जी गोळी देतात, त्यातलीच, कुत्र्याच्या वजनाच्या हिशोबानं. "असर दिसायला महिना-दीड महिना लागंल. सुरुवातीला खाणं थोडं कमी होईल, घाबरू नका. आपल्या मनानं बंद करायची न्हाई. अन् नुसत्या गोळीनं भागत न्हाई काका. कोंडणं बंद करा. माणसात ठेवा त्याला."

भाऊजींचं तोंड उतरलं. "म्हंजे हा... मेंटल झाला?"

"मेंटल काय काका? मन हाय, दुखलं. पाय दुखत न्हाई का आपला?"

"बराबर हाय, बिलकुल बराबर हाय," भाऊजी म्हणले, अन् मंग आवाज खाली आणून, "पण बाळा, कोणाला सांगू नको. पिल्लांचा सवाल हाय." माझ्याकडं वळून डोळे मोठे केले. मी शेळीच्या तोंडाकडं बघत राह्यले.

पहिल्या गोळ्या रूपालीनंच दिल्या. रोज सकाळी भाऊजी खव्याच्या पेढ्यात गोळी दडवून सरदारला मांडीवर घेऊन भरवायचे. "खा रे माझ्या राजा, खा. एकच घास." बायकोनं चहात साखर जास्त टाकली तर खर्चा मोजणारा माणूस हा! उषाबाई दारात उभी राहून बघायची. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मलाच भिंतीपल्याड राग यायचा.

गोळ्या सरल्या अन् खरी गंमत तिथं झाली. मी त्या दिवसांत माहेरी, शहागडला गेल्ते, त्यामुळं हे मला मागाहून कळलं. रूपालीनं चिठ्ठी दिल्ती, पण तिच्यावर ठळक अक्षरात कुत्र्याचं नाव. ती गावातल्या मेडिकलवर दाखवायची म्हंजे सरदारची अब्रू चव्हाट्यावर! म्हणून भाऊजी रिकामी पट्टी घेऊन मच्छिंद्रच्या मेडिकलवर गेले. मच्छिंद्रनं पट्टी उलटीसुलटी केली अन् विचारलं, "काका, ही तर डोक्याची गोळी हाय. कोणासाठी?"

आता माणसानं काय म्हणावं? सरदारसाठी म्हणावं. ते जमत नसंल तर माझ्यासाठी म्हणावं, मर्दासारखं. पण ह्यांनी, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना, मोठा उसासा टाकून सांगितलं, "आमच्या मंडळीसाठी. काय करता, नशीब आपलं." नशीब म्हणे! लोकांनी वर ह्यांचीच कीव केली. कोणीतरी चहा पाजला.

मच्छिंद्रची बायको बेबीनंदा. तिच्या कानावर एखादी गोष्ट पडली की ग्रामपंचायतीला दवंडी द्यायचं काम उरत न्हाई. संध्याकाळपर्यंत नळावर झालं, दुसऱ्या दिवशी गिरणीत झालं. उषाबाई येड्याच्या गोळ्या खाती. आधीपासून तसंच वाटायचं म्हणे सगळ्यांना. आधीपासून वाटायचं तर एक तरी बया विचारायला का आली न्हाई, हे कोणी सांगत न्हाई.

मी माहेराहून आले तवा उषाबाई अंगणात चिकाच्या पातेल्यापुढं बसलेली. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, निवळून सगळं तयार. साचे धुऊन पालथे घातलेले, खाटांवर धुतलेली धोतरं अंथरलेली. अन् माणूस एक न्हाई. ऊन पार वर आलं होतं.

"काय झालं बाई? बाकीच्या कुठं गेल्या?"

"गल्लीतल्या साहेबरावांच्या घरी झाला चीक, मला बोलावणं आलं न्हाई. म्हणलं विसरल्या असतील. मंग बेबीनंदाच्या घरी झाला. तिथंबी न्हाई. आज माझ्या घरी म्हणून मी सगळ्यांना सांगून आले. सगळ्या हो म्हणल्या." पातेल्यावरचं फडकं तिनं नीट केलं. "माझं काही चुकलं का गं दैवशाला?"

मी तशीच पाय न धुता बेबीनंदाच्या दारात गेले. ती खुशाल लसूण सोलत बसली होती. मी विचारलं तर आधी कंबर दुखती म्हणली, मंग पाव्हणे येणार म्हणली, अन् मी हलत न्हाई बघून खरं बोलली. "उकळता चीक असतो माय. डोक्याच्या गोळ्या खाणारी बाई पातेल्यापाशी कशी उभी करायची? कोणाच्या अंगावर बिंगावर ओतलं म्हंजे?"

"कोण म्हणलं ती गोळ्या खाती?"

"तिचा नवराच नेतो की! रडवेलं तोंड करून नेतो बिचारा."

बिचारा! मला एकदम त्या पेढ्यातली गोळी आठवली अन् डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी येऊन मी उषाबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चिकाचं पातेलं उचललं अन् सगळा चीक मोरीत ओतून दिला. उन्हात पार आंबला होता, मला तो वास अजून विसरत न्हाई.

भाऊजी जेवायला आले. मी भिंतीपाशी होते, हे सांगायला मला लाज न्हाई.

"माझं नाव कामून सांगितलं?" उषाबाईनं विचारलं.

भाऊजी आधी कशाचं, कधी, कोण म्हणलं असं करत राह्यले. मंग चिडले. "अगं, समजून घे ना! सरदार मेंटल हाय म्हणून बोभाटा झाला तर पिल्लं कोण घेईल? उद्या हसनाबादचे सर्जेराव येऊन राह्यले पिल्लं बघायला. धंद्याचा सवाल हाय. तुला काय फरक पडतो? तुला काय कुठं विकायचंय?"

मी भिंतीवर चढून त्यांच्या डोक्यात वरवंटा घालायचंच बाकी होतं. पण उषाबाईनं पळी उचलली. "भाजी वाढू का अजून?" एवढंच म्हणली. मला वाटलं, झालं, ही बाई आता कायमची गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ओट्यावर दरबार भरलेला. सर्जेराव आल्ते, मोठी आसामी, मिशीला पीळ. भाऊजी त्यांना सरदारच्या खानदानाची गोष्ट सांगून राह्यले. मच्छिंद्र होता, साहेबराव होते. मी दळण घेऊन गिरणीकडं निघाले होते तर समोरून उषाबाई. केस विंचरलेले, एका हातात सरदारची साखळी (पाव्हण्यांना दाखवायचा म्हणून त्याला आज कोंडला नव्हता), दुसऱ्या हातात वाटी. गावातले पुरुष जिथं बसतात तिथं ही बाई आयुष्यात कधी थांबली नव्हती. आज बराबर ओट्यापुढं येऊन उभी राह्यली.

"आज ह्याची गोळी राह्यली द्यायची," ती मोठ्यानं म्हणली. वाटीतला पेढा फोडला, आतली गोळी दोन बोटांत धरून मच्छिंद्रच्या नाकापुढं नेली. "बघ रे. तुझ्या दुकानातलीच हाय ना?"

मच्छिंद्रनं मान हलवली. तिनं गोळी परत पेढ्यात दाबली अन् सरदारला दिली. सरदारनं चाटूनपुसून खाल्ली.

"ही गोळी ह्याची हाय. घरात एकटा कोंडला म्हणून ह्याचा जीव घाबरा झालाय. ह्याच्या मालकाला कुत्र्याची लाज वाटली, म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं."

भाऊजींचं तोंड त्यांच्या कपड्यांइतकंच पांढरं झालं. सर्जेराव उठून सरदारपाशी बसले, त्याचा चाटलेला पाय हातात घेतला. मला वाटलं, आता गेला सौदा, अन् मनातून गुदगुल्या व्हायला लागल्या.

तर सर्जेराव काय म्हणावेत! "अरेरे! मुकं जनावर बघा. एकटं पडलं तर मनाला लावून घेतलं. ह्याला म्हणतात जातिवंत! हलक्या जातीच्या कुत्र्याला कुठलं आलंय मन?"

झालं! साहेबराव म्हणले, हो ना, बिचारं. मच्छिंद्र म्हणला, परदेशात तर सगळ्या भारी कुत्र्यांना असते गोळी. भाऊजींचा रंग तिथल्या तिथं परत आला. "तेच तर मी म्हणत होतो," म्हणले. काय म्हणत होता हो? कधी म्हणत होता? पिल्लं त्याच दिवशी ठरली. चढ्या भावानं.

अन् मंग आमच्या गावाला मायेचा पूर आला. येड्याची गोळी उषाबाईची होती तवा ज्या बाया तिच्या दारावरून तोंड फिरवून जायच्या, त्याच आता सरदारला बघायला यायला लागल्या. बेबीनंदा बिस्किटाचा पुडा घेऊन आली. "काय होत असंल गं त्याच्या जिवाला, एकटं एकटं," म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. जाताना उषाबाईला म्हणली, "ये गं आता चिकाला, झालं गेलं सोडून दे." उषाबाई तिला म्हणली, "गोळी माझी होती तवा तू बिस्किटं न्हाई आणले." बेबीनंदा कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवत राह्यली.

त्यानंतर काही दिवसांनी रूपाली सरदारला तपासायला घरी आली. भाऊजींनी स्वतः खुर्ची आणली, फडक्यानं पुसली. कोंडणं बंद झालं होतं, पायाची जखम भरत आल्ती. रूपालीनं विचारायला सुरुवात केली. झोप लागती का? खाणं कसं हाय? कोपऱ्यात एकटा बसून राहतो का? आधी जे आवडायचं ते आता आवडतं का? भाऊजी एकेक उत्तर असं रंगवून देत होते, जसं काय पोटच्या पोराचं सांगून राह्यले. सरदार रात्री कितीदा कूस बदलतो तेबी ह्या माणसाला पाठ. उषाबाई चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी. मी भिंतीवरून बघत होते. प्रत्येक प्रश्नाला तिचे ओठ हलत होते.

रूपालीनं ते बघितलं. "अन् काकू, तुम्हाला? झोप लागती का?"

"तिला काय धाड भरलीय!" भाऊजी म्हणले.

"मी काकूंना विचारलं."

उषाबाईनं ट्रे खाली ठेवला. "न्हाई लागत," ती म्हणली. "पोरगी गेल्यापासून न्हाई. खायची इच्छा होत न्हाई. कोणी बोलू लागलं तर लांबून आवाज आल्यासारखा येतो. चीक हाटताना बरं वाटायचं, आता तेबी वाटंल का न्हाई, माहीत न्हाई मला." अन् ती बाई, माझ्यासमोर कधी न रडलेली बाई, तिथं उभ्या-उभ्या रडली. मी भिंत ओलांडून गेले. कशी ओलांडली ते मला विचारू नका.

रूपालीनं तिचा हात हातात घेतला. म्हणली, "काकू, मी जनावरांची डॉक्टर. तुमचं दुखणं मी बघू शकत न्हाई. पण जालन्याला चांगल्या डॉक्टरबाई हायेत, त्यांना फोन करते. आज मी तिकडंच चालले. येता का माझ्याबरोबर?"

"येते," उषाबाई म्हणली. आत जाऊन तोंड धुऊन, चप्पल घालून बाहेर आली.

भाऊजी दारात आडवे झाले. संतापलेले नव्हते, खरंच घाबरलेले होते. "अगं, पण ती बाई गोळ्या लिहून देईल. त्या मच्छिंद्रच्याच दुकानातून आणायच्या ना? तो विचारंल कोणासाठी. लोक काय म्हणतील?"

उषाबाईनं पदर खांद्यावरून घेतला अन् रूपालीच्या गाडीवर मागं बसली.

"सरदारसाठी हायेत म्हणून सांगा," ती म्हणली. "मंग कोणी काय म्हणत न्हाई."